आधी नालबंद शोधा, मग जमीन

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं : "काका, नमस्कार. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. वडिलांना घोड्यांचा नाद. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली चांदणी ही आमची मारवाडी घोडी आता नऊ वर्षांची आहे आणि होळीच्या सुमारास तिला शिंगरू झालं. वडिलांचे गुडघे गेले, भावांना घोड्यात रस नाही, ते विकायचं म्हणतात. मी म्हटलं, मी नेते. माझे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. आम्ही फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, पुण्याचा हा भाग आम्हाला नवाच आहे. दसऱ्यानंतर एका रविवारी एजंटनं मुळशीत, पौडच्या पुढे, 12 गुंठ्यांचा 'फार्महाऊस प्लॉट' दाखवला. हिरवागार, एकदम सपाट, भोवती छोटे बांध, कडेला ओढा, समोर डोंगर. सातबारा सामाईक राहील पण काही अडचण येत नाही, असं तो म्हणतो. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असंही म्हणतो. घ्यावा का? आणि चांदणी तिथे रमेल का?"

ताई,

पाडव्याला टोकन देऊ नका. हे उत्तर पाडव्याआधी तुमच्या हातात पडावं म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुमचं आधी घेतलं आहे.

वडिलांची घोडी परक्या दावणीला जाऊ नये म्हणून तुम्ही उभ्या राहिलात, याचं मला फार कौतुक वाटलं. म्हणूनच थोडं लांबण लावून लिहितो. घाईनं घेतलेल्या जागेत जनावराचे हाल होतात, आणि मग तीच घोडी वर्षभरात विकावी लागते. मी हे होताना पाहिलं आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : "एकदम सपाट, भोवती छोटे बांध". ताई, ते भाताचं खाचर आहे. पाणी धरून ठेवण्यासाठीच कुणीतरी पिढ्यान्पिढ्या ती जमीन सपाट केली, बांध घातले. मुळशीत पौडकडून ताम्हिणीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो आणि खुद्द ताम्हिणीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो. तुमच्या चोपड्याकडचा पाऊस 700 मिलिमीटरच्या घरातला. चांदणी वर्षभरात जेवढा पाऊस पाहते, तेवढा तिथे एका महिन्यात अंगावर येईल. दसऱ्यानंतरचा महिना हा मावळपट्ट्याचा सगळ्यात देखणा महिना असतो. पाऊस गेलेला, गवत उभं, ओढा वाहता. त्या रविवारी तुम्हाला ती जागा आवडली नसती तरच नवल. पण आषाढात त्या खाचरात घोट्याइतकं पाणी उभं असतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी अशीच एक जागा मे महिन्यात पाहून करारानं घेतली होती. कोरडी ठणठणीत, समोर धरण. जुलै उजाडेपर्यंत माझ्या घोडीच्या चारही खुरांना वास मारायला लागला. पुतळी, म्हणजे खुराच्या तळाचा मऊ भाग, कुजली होती, बोटानं दाबलं की काळं पाणी यायचं. पाठीवर आणि पायांवर खपल्या धरल्या, त्या उचलल्या की केसांचे पुंजके हातात यायचे. गवतातल्या जळवा रोज संध्याकाळी पायांवरून काढायच्या. तबेल्यात विटांचा चुरा टाकला, मुरूम टाकला, सगळं चिखलात गेलं. औषधाला कुणी नव्हतं, कारण त्या आख्ख्या खोऱ्यात माझी घोडी ही एकटीच घोडी होती. त्या पावसाळ्यानं मला जे शिकवलं तेच आज तुम्हाला सांगतो आहे : जमीन शोधायला निघण्याआधी त्या भागातला नालबंद शोधा.

जमीन सगळीकडे मिळते, घोड्याची माणसं सगळीकडे मिळत नाहीत. घोड्याची नखं दर सहा-आठ आठवड्यांनी साळावी लागतात, नाल असेल तर बदलावी लागते. एका घोड्यासाठी नालबंद साठ किलोमीटर येत नाही. तो त्याच गावांत जातो जिथे वाटेवर आणखी चार दारं असतात. म्हणजे त्याची फेरी हाच त्या जिल्ह्याचा घोड्यांचा नकाशा. कुठली पागा बंद पडली, कुणाचा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा गडी) चांगला, कुठल्या विहिरीचं पाणी होळीलाच तळाला जातं, कुठल्या डॉक्टरला मध्यरात्री फोन केला तरी तो येतो, हे सगळं त्याला ठाऊक असतं. जमिनीच्या एजंटला यातलं काहीच माहीत नसतं आणि त्याला माहीत असण्याचं कारणही नाही. मी आज जिथे राहतो ती पाबळच्या बाजूची जागा मला नालबंदानंच दाखवली. तिसऱ्या खेपेला नाल ठोकता ठोकता म्हणाला, "त्या वाडीत एक रिकामी पागा आहे, मालक चांगला आहे, जाऊन बघा." मी दुसऱ्या दिवशी गेलो.

नालबंद शोधायचा कुठे? तुम्ही चाकणला आहात, हे तुमचं नशीब. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. तिथल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते, हे तुम्हाला खानदेशात राहून कदाचित माहीत नसेल. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचा मार्ग मोकळा केल्यापासून या गावांमध्ये घोडी पाळणारी घरं चांगलीच आहेत. यात्रांच्या दिवसांत एखाद्या घाटावर जा. शर्यत तुम्हाला आवडो न आवडो, घोडी धरून उभ्या असलेल्या माणसाशी बोला. "नालबंद कोण? डॉक्टर कोण? कडबा कुठून घेता?" एवढे तीन प्रश्न विचारा. तुम्ही घोडेवाल्याची लेक आहात, हे त्याला दोन वाक्यांत कळेल आणि मग तो आपणहून बोलेल. दुसरा रस्ता पुण्याच्या रेसकोर्सचा. जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा शर्यतींचा हंगाम असतो, तेव्हा घोड्यांचे डॉक्टर आणि नालबंद शहरात मोठ्या संख्येनं असतात. तिसरा, शहराभोवतालचे घोडेस्वारी शिकवणारे क्लब. त्यांच्याकडे जायचं ते घोडा ठेवायला मिळेल का हे विचारायला. त्यावर पुढे लिहितो.

डॉक्टरचं थोडं सविस्तर सांगतो. गावोगावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतले डॉक्टर गाई-म्हशींना उत्तम बघतात, पण घोडा त्यांच्याकडे क्वचित येतो. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला की नाकातून नळी घालून पोट मोकळं करणारा हात हवा, आणि तो काही तासांच्या आत हवा. म्हणून कुठलीही जागा बघताना मनात एकच गणित करा : रात्री दोन वाजता घोडी लोळायला लागली, तर असा हात असलेला माणूस किती वेळात येईल? तासाभराच्या आत नसेल, तर जागा कितीही सुंदर असो, पुढे जा. दक्षिणेकडे, भोर किंवा पुरंदरच्या अंगाला बघितलंत तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हा तिथला एक मोठा आधार.

आता जमीन कुठल्या बाजूला बघायची ते. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. ती तट्टं भीमा-नीरेच्या थडीला निपजली, मावळातल्या भातखाचरांत नाही. त्या भीमथडी घोड्याला आता देशी जात म्हणून अधिकृत नोंदही मिळाली आहे, आणि धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहणारी ती लहानखुरी, काटक घोडी तुम्हाला दौंड-बारामतीकडच्या रस्त्यांवर आजही दिसतील. कारण साधं आहे. घाटमाथ्यापासून पूर्वेला आलं की पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास येतो, जमीन मुरमाड होते, माळावर मारवेल आणि पवन्या गवत येतं. पाऊस पडून गेला की दोन तासांत पाय ठेवता येतो. शिरूरला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात आणि इंग्रजांच्या काळात तिथे छावणी होती, घोडदळ होतं. ज्यांना शेकड्यांनी घोडे सांभाळायचे होते त्यांनी कुठली जमीन निवडली, यातही आपल्याला सल्ला आहे.

म्हणून तुमच्यासाठी मी चाकणच्या पूर्वेचा पट्टा सुचवेन : खेड तालुक्याचा पूर्व भाग, कनेरसर-पाबळची बाजू, शिरूरचा माळाचा भाग. मिस्टरांना चाकणला रोज जायला पौडपेक्षा हे कितीतरी सोयीचं. मुरमाड जमीन मागा. एजंट "काळी कसदार" म्हणून भाव वाढवून सांगतील. ती शेतकऱ्याला सोन्यासारखी, पण घोड्याला पावसाळ्यात तीच काळी माती चिकट चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगा पडून पाय मुरगळतो. ज्या माळाला शेतकरी नाक मुरडतो, तो चांदणीसाठी उत्तम. थोडा उतार असेल तर आणखी चांगलं.

पण पूर्वेकडे दोन गोष्टींची धास्ती आहे आणि त्या मी लपवणार नाही.

पहिली पाण्याची. एका घोड्याला दिवसाला 30 ते 40 लिटर पिण्याचं पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि पाजणाऱ्या घोडीला त्याहून जास्त. दोघांचं पिणं, धुणं, तबेला, तुमचं घर, एवढं पाणी एप्रिल-मेमध्ये आहे का हे बघायचं असेल तर एप्रिल-मेमध्येच जायला हवं. ग्रामपंचायतीत विचारा, गेल्या तीन उन्हाळ्यांत टँकर आला होता का. शेजारच्या बाईला विचारा, हंडा कुठून आणता. बोअरचं पाणी स्वतः पिऊन बघा आणि बाटलीत भरून तपासायला द्या. खारट-मचूळ पाण्याला घोडी तोंड लावत नाही, आणि कमी प्यायली की पोटशूळ ठरलेला.

दुसरी बिबट्याची. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके येतात आणि तिथला बिबट्या आता जंगलात कमी, उसात जास्त राहतो. पोरं-बायामाणसांवरही हल्ले झाले आहेत, म्हणून हे हलकं घेऊ नका. मोठ्या घोडीच्या वाटेला तो सहसा जात नाही, शिंगरू मात्र त्याच्या आवाक्यातलं. ज्या जागेच्या तीन बाजूंना ऊस आहे ती शिंगरू मोठं होईपर्यंत नको. माळावर, उघड्यावर, वस्तीला लागून जागा बघा. रात्री दोघांना दाराच्या, वरपर्यंत जाळी लावलेल्या तबेल्यात घ्यायचं, एकही रात्र बाहेर बांधायचं नाही. दिवे लावा, कुत्रं पाळा, पण भरवसा जाळीवर ठेवा.

चाऱ्याचंही प्रदेशाप्रमाणे बदलतं. चांदणी तुमच्याकडच्या दादर ज्वारीच्या कडब्यावर वाढली असणार. मावळात तुम्हाला मिळेल भाताचा पेंढा. त्यात कस नाही, आणि घोड्याच्या आतड्यात त्याचा गोळा व्हायची भीती. पूर्वेकडे शाळूचा कडबा मिळतो, तो तिच्या सवयीच्या जवळचा. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो कोरडी वैरण धरा, म्हणजे वर्षाला अडीच टन. शिंगराची वेगळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते तेव्हाच वर्षाचा कडबा घेऊन गंज रचायची, पावसाळ्यात दुप्पट भावानं भिजलेला आणि बुरशीचा घेण्यात पैसे जातात आणि पोटही बिघडतं. म्हणजे जागेत गंजीसाठी उंचवटा हवा, आणि कडब्याचा ट्रक आतपर्यंत यायला हवा. उसाच्या पट्ट्यात लोक "वाढं (उसाचे शेंडे) घाला, फुकट आहे" म्हणतील. कधीमधी मूठभर ठीक, पण रोजचा चारा म्हणून नको. त्यातल्या घटकांनी अंगाला चुना (कॅल्शियम) लागत नाही आणि हाडं पोकळ होतात. वर नुसता गव्हाचा कोंडा घालाल तर आणखीच वाईट. पाण्याची सोय झाली की दोन-तीन गुंठे लसूणघास लावा, शिंगराच्या वाढीला त्यासारखं काही नाही.

जागेत फिरताना बांधावर काय उगवलं आहे तेही बघा. कण्हेर असेल तर व्यवहार होण्याआधी मुळासकट काढायचं ठरवून घ्या. फार्महाऊसवाले शोभेला हौसेनं कण्हेर लावतात, आणि तिच्या मूठभर पानांनी घोडा मरतो. छाटून टाकलेली सुकी पानं तर ओल्यापेक्षा धोक्याची, कारण ती कडू लागत नाहीत. एरंड, घाणेरी, धोतरा, गाजरगवत हेही काढायचं. कुसळी गवत विषारी नाही, पण पिकल्यावर त्याची कुसळं हिरड्यांत घुसतात. शेजारी पोल्ट्री असेल तर माशांनी घोडी वेडीपिशी होते. ओलसर जागी गुरांचे गोठे दाटीनं असतील तर गोमाश्या असतात, आणि सर्रा हा रक्तातला रोग त्यांच्यामार्फतच येतो. ताप येऊन जाऊन, घोडी खाता खाता वाळत चालली आणि पाय-पोट सुजलं, तर रक्त तपासून घ्यायला उशीर करू नका.

कागदाकडे वळतो. इथे मी वकील नाही, पण पोळलेला माणूस आहे.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 हे सांगतं. म्हणजे तुमचा किंवा मिस्टरांचा शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. चोपड्याच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीनं दिला आहे. बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. भावांनी तसं काही समोर ठेवलं असेल तर सही करण्याआधी थांबा. भावांवर अविश्वास दाखवा असं म्हणत नाही. पण तुमचं शेतकरी असणं त्या एका नावावर टेकलेलं असू शकतं, हे त्यांच्याशी मोकळेपणानं बोला, आणि महसुली कामाची सवय असलेल्या वकिलाला सातबारा दाखवा.

आता ते "सामाईक सातबारा". 12 गुंठे तुम्हाला स्वतंत्र तोडून देता येत नाहीत, म्हणून मोठ्या गटात तुमचं नाव इतरांबरोबर घालणार, असा त्याचा अर्थ. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यातली मर्यादा 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे अशी केली गेली, आणि त्यानंतरही या नियमांत बदल होत आले आहेत. आजची स्थिती दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारून घ्या. पण कायदा काहीही म्हणो, सामाईकात कुंपण कुठे घालायचं हेच ठरलेलं नसतं. उद्या दुसऱ्या हिस्सेदारानं "ओढ्याकडची बाजू माझी" म्हटलं तर चांदणीचा तबेला कुणाच्या हिश्श्यात? घोडा ठेवायचा तर पक्कं कुंपण लागतं, आणि पक्कं कुंपण स्वतःच्या हद्दीवरच घालता येतं. सरकारी मोजणी झालेली, स्वतंत्र हिस्सा असलेली जमीनच बघा. दोघांसाठी एक एकर असली तर बरं, कमीत कमी अर्धा एकर मोकळं फिरायला राहिलं पाहिजे.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2 ते बघा. वर्ग 2 असेल, इनाम, वतन किंवा देवस्थानची असेल, तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. इतर हक्कात कूळ, बोजा, न्यायालयाची नोंद आहे का ते वाचा. जुने फेरफार काढा. आणि पुणे जिल्ह्यात आणखी एक काम न विसरता करायचं : रिंगरोडसाठी मावळ, मुळशी, हवेली, खेड, भोर, पुरंदर या तालुक्यांत भूसंपादन आहे, पुरंदरला पारगाव, वनपुरी, कुंभारवळण आणि आसपासच्या गावांत विमानतळाचं. गट नंबर घेऊन तलाठ्याकडे आणि प्रांत कार्यालयात विचारायचं. संपादनाच्या तोंडावर जमीन गळ्यात मारणारे असतात.

रस्ता. "रस्ता आहे की, गाडी जाते" हे उत्तर चालत नाही. गावनकाशात पाणंद आहे का, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर बांधावरून जाणं आहे? शेजारी बिनसला की तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करून रस्ता मागता येतो, पण तोवर कडब्याचा ट्रक अडवलेला असतो आणि आजारी घोडी आत. पावसाळ्यात भरलेला ट्रक आत आला पाहिजे, ही माझी कसोटी.

हे सगळं बघायला एक वर्ष लागतं, आणि मी तुम्हाला खरोखर एक वर्ष घ्यायला सांगतो आहे. आषाढात एकदा, वैशाखात एकदा जायचं, आणि एकदा रात्री. रात्री कळतं की शेतीची वीज कधी असते, शेजारी कोण, वाटेत ऊस किती, लग्नसराईत मंगल कार्यालयाचा आवाज कुठवर येतो. वैशाखात जाल तेव्हा वडिलांना सोबत आणा. गुडघे दुखत असले तरी गाडीतून उतरून चार पावलं ते येतील. इतकी वर्षं घोडे सांभाळलेला माणूस माती मुठीत घेऊन जे सांगेल ते मला पत्रातून सांगता येणार नाही.

तोवर चांदणीचं काय? दोन वाटा आहेत. वडिलांकडे विश्वासाचा गडी असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत ती तिथेच राहू द्या, दर महिन्याला जाऊन या. तसं नसेल तर चाकणच्या पूर्वेला एखादी पागा 11 महिन्यांच्या करारानं भाड्याने घ्या, किंवा महिन्याच्या खर्चावर घोडा ठेवून घेणाऱ्या ठिकाणी दोघांना ठेवा. शेतकरी जागा भाड्याने द्यायला कचरतो, कारण "कूळ लागेल" ही भीती त्याच्या मनात खोल बसली आहे. नोंदणीकृत करार करू, फक्त गोठा आणि अंगण वापरू, शेती करणार नाही, असं आपण होऊन सांगितलं की तो मोकळा होतो. खर्च होईल. पण त्या वर्षात नालबंद तुमचा होतो, कडबेवाला तुमचा होतो, आणि जमीन बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून कळते, एजंटपर्यंत जाण्याआधी. दुसरे घोडे जवळ असतील तर फारच छान. शिंगरू उद्या वाढलं, विकावं किंवा वेगळं ठेवावं लागलं, तर चांदणी एकटी पडायला नको. एकटा घोडा खंगतो, कधीकधी लाकूड चावायची सवय लागते. निदान एक शेळी तरी सोबतीला हवी.

तबेला बांधायची वेळ येईल तेव्हा : एका घोड्याला 12 बाय 12 फूट, आई-पिल्लाला त्याहून मोठं. पत्रा असेल तर उंची 12 फुटांच्या वर घ्या आणि उन्हाळ्यात वर उसाचं पाचट टाका. पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून मारतो, म्हणून उघडी बाजू पूर्वेला. लिदीचा खड्डा विहिरीपासून लांब आणि वाऱ्याच्या पलीकडे. एका घोड्याची रोज 15 किलोच्या पुढे लीद पडते. शेजारच्या बागायतदाराशी आधीच बोलून ठेवलंत तर तो ती आनंदानं नेईल आणि शेजारही जोडला जाईल.

शेवटी प्रवासाचं, कारण तो कधीतरी करायचाच आहे. शिंगरू सात महिन्यांचं झालं आणि अजून पितं आहे, तर आधी घरीच, ओळखीच्या जागी, त्याला आईपासून तोडा. दूध तोडणं आणि गाव बदलणं एकाच आठवड्यात नको. निघण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या, धनुर्वाताची लस झाली आहे का बघा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला जवळ ठेवा. निघायच्या आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा गूळ घालून प्यायची सवय लावा. म्हणजे वाटेत आणि नव्या जागी पाण्याची चव बदलली तरी ती बादलीला तोंड लावेल. ट्रकमध्ये खाली वाळू आणि वर पेंढा, घसरायला नको. थंडीच्या दिवसांत रात्री निघा, तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. सोबत घरचा पंधरा दिवसांचा कडबा घ्या आणि नवा त्यात रोज थोडा थोडा वाढवत न्या. चंदी (दाण्याचा खुराक) पहिले दोन-तीन दिवस निम्मीच. आणि पहिले दोन-तीन आठवडे तिथल्या घोड्यांपासून थोडं अंतर ठेवा.

चांदणी रमेल का, असं तुम्ही विचारलंत. पहिले काही दिवस ती कान टवकारून उभ्यानंच डुलक्या काढेल, खरारा करताना अंग आखडेल, गावाकडच्या दिशेला तोंड करून खिंकाळेल. त्या दिवसांत मोतद्दारावर सोडू नका, सकाळची चंदी तुमच्या हातची असू द्या. वडिलांनी वापरलेली जुनी झूल न धुता आणा आणि तबेल्यात टांगा. मग एक दिवस पहाटे जाल तेव्हा तिच्या एका कुशीला पेंढा चिकटलेला दिसेल, म्हणजे रात्री ती आडवी होऊन झोपली होती. तो दिवस उजाडला की वडिलांना फोन करा.